पुरात लेबलं गेली, डिस्क राहिल्या: ३१२ सीडी-डीव्हीडींवर परत कशाने आणि काय लिहू?

पडवीतून (चिपळूण):

मंडळी, प्रश्न साधाच आहे, पण मागची गोष्ट सांगितल्याशिवाय तो नीट कळायचा नाही. तेव्हा थोडं सोसा.

आमचे अण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. १९८१ साली त्यांनी टेपरेकॉर्डर घेतला आणि तेव्हापासून कानावर पडेल ते टेप करत सुटले. शिमग्यातलं नमन, गणपतीतली जाखडी (शक्तीवाल्यांची वेगळी, तुरेवाल्यांची वेगळी, एका कॅसेटमध्ये दोघांना घालायचं नाही असा नियम), आजीच्या जात्यावरच्या ओव्या, मामाच्या लग्नातले रुसवेफुगवे. पुढे काकांचा व्हिडिओ कॅमेरा आला आणि कपाटात व्हीएचएसची (व्हिडिओ कॅसेटींची) भर पडली. निवृत्तीनंतर २००४ ते २०११ अण्णा रोज दुपारी बसून हे सगळं डिस्कवर चढवत होते. कॅसेट कॉम्प्युटरला जोडून सीडीवर, व्हीएचएस डीव्हीडी रेकॉर्डरला जोडून डीव्हीडीवर. एकूण ३१२ भरल्या. २१४ सीडी, ९८ डीव्हीडी.

मग २२ जुलै २०२१ उजाडला. वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात कुठवर आलं होतं ते टीव्हीवर तुम्ही बघितलंच असेल. आमचं कपाट तळमजल्यावर. कॅसेटी गेल्या, रेकॉर्डर गेला, कॉम्प्युटर गेला. कुठल्या डिस्कवर काय आहे ते लिहिलेली अण्णांची वहीसुद्धा गेली. वहीचा लगदा मी स्वतः फावड्याने उचलला. डिस्क तेवढ्या राहिल्या. आईने त्या परातीत घेऊन साबणाच्या पाण्यात भांड्यांसारख्या धुतल्या, जुन्या लुगड्यावर पसरल्या, वाळल्यावर दोन गोणींत भरून माळ्यावर टाकल्या.

या मे महिन्यात मी गोणी खाली काढल्या. अण्णांनी सात वर्षांत हाताला येईल त्याने लिहिलंय. जाड काळ्या परमनंट मार्करने लिहिलेल्या १३१ डिस्क काल लिहिल्यासारख्या वाचता येतात. भाचीच्या स्केचपेनने नाहीतर जेलपेनने लिहिलेल्या ८८, त्यांच्यावर आता नुसता निळसर ढग उरलाय. ६१ डिस्कना कागदी गोल स्टिकर होते. काहींचे गळून गेले, काही अर्धवट सुटलेत, आणि एक मी हाताने ओढला तर त्याच्याबरोबर डिस्कची चांदीच निघून आली. खाली काचेसारखं आरपार प्लास्टिक, पलीकडे माझीच बोटं. त्यानंतर स्टिकरला हात लावलेला नाही. उरलेल्या ३२ वर कधीच काही लिहिलेलं नव्हतं.

शिवाय ही कोडी:

जिथे वाचता येतं तिथे ‘नमन ४’, ‘लग्न २ ब’, ‘शिमगा ९८ ब’ असं काहीबाही आहे. ब म्हणजे कॅसेटची दुसरी बाजू असं मी धरून चालले होते, पण हा ब नेमका डीव्हीडींवरच आहे, आणि व्हीएचएसला कुठून आली दुसरी बाजू? अण्णा आता ८२ वर्षांचे आहेत. विचारलं तर म्हणाले, “वहीत बघ.”

२३ डीव्हीडी कॉम्प्युटरला लावल्या की रिकाम्या दाखवतात. फेकू?

आणि काही सीडींवर अण्णांनी सूचीची फाईल टाकलीय. ती उघडली की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा नुसता चिवडा दिसतो.

तर लिहू कशाने, कुठे, आणि काय? मी पतसंस्थेत कारकून आहे, खतावणी कशी ठेवायची ते मला कळतं. डिस्कमधलं काही कळत नाही.


टेपडेक (पुणे):

ताई, आधी तुमच्या आईंना नमस्कार सांगा. चिखल अंगावर वाळू न देता लगेच धुतल्या, हे सगळ्यात शहाणपणाचं काम झालं. पाण्याने डिस्कचं फारसं बिघडत नाही, वाळलेल्या चिखलाचा कण फडक्याखाली घासला गेला की बिघडतं. यापुढे पुसाल तेव्हा भोकापासून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल फिरवू नका. गोल ओरखडा डेटाच्या रेघेच्या दिशेनेच जातो आणि सलग मजकूर खातो. आडवा गेलेला ओरखडा यंत्र बऱ्याचदा सावरून घेतं.

आता तुमची चांदी का निघाली ते. सीडी म्हणजे १.२ मिलिमीटर जाडीचं पारदर्शक प्लास्टिक. लेझर खालून येतो, एवढी सगळी जाडी ओलांडतो, आणि डेटा असतो पार वर, लेबलाच्या बाजूला. तिथे रंगद्रव्याचा थर, त्यावर चांदीचा, आणि त्याच्यावर केसापेक्षाही पातळ लाखेचा हात. बस. आपल्याला वाटतं चमकणारी खालची बाजू नाजूक आणि लिहायची बाजू दणकट. सीडीचं बरोबर उलटं आहे. खालच्या बाजूला ओरखडा गेला तर तो पॉलिश करून निघू शकतो, वरच्या बाजूला गेला तर डेटाच गेला. स्टिकरचा गोंद लाखेला धरून बसतो, तुम्ही ओढलंत की लाख, चांदी, सगळं येतं.

डीव्हीडीची गोष्ट वेगळी. ती ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटवून केलेली असते आणि डेटा मधोमध, सँडविचमधल्या चटणीसारखा. म्हणून वरून लिहिल्याने तिला सहसा काही होत नाही. पण कागदी स्टिकर तिलाही सोसत नाही, त्याचं कारण वेगळं: कागद दमट हवेत फुगतो, वाळला की आकसतो, आणि डिस्कला किंचित बाक येतो. डीव्हीडीची रेघ सीडीपेक्षा पुष्कळ बारीक, तिला तेवढा बाकही चालत नाही. बऱ्याचदा सुरुवातीचं नीट वाजतं आणि कडेकडे गेल्यावर अडखळतं, कारण बाक कडेलाच जास्त असतो.

म्हणून जे स्टिकर पूर्ण चिकटलेत ते तसेच राहू द्या आणि त्या डिस्क सगळ्यात आधी कॉपी करा, ड्राईव्हचा वेग कमी करून. ५२ एक्सचा ड्राईव्ह मिनिटाला दहा हजारांच्या आसपास फेरे घेतो. अर्धवट सुटलेला कागद त्या वेगात काय करेल याची कल्पना करा. सुटलेला भाग ओढू नका, लहान कात्रीने जिथपर्यंत सुटलाय तिथपर्यंतच कापा, तेही डिस्कला टोक न लावता.

लिहायचं कशाने? अमेरिकेतल्या एनआयएसटी या सरकारी संस्थेने २००३ साली सीडी-डीव्हीडी सांभाळण्याची एक पुस्तिका काढली होती. तिच्यात म्हटलंय की पाण्यावर आधारलेल्या शाईचा मऊ टोकाचा मार्कर वापरा, बॉलपेन, पेन्सिल, कडक टोक लावू नका. तीव्र वासाच्या, झायलीनसारख्या द्रावकाच्या मार्करपासून लांब राहा, कारण ते द्रावक लाखेत मुरतं. स्टिकर नकोच, हेही त्यात आहे.

आणि त्या २३ डीव्हीडी मुळीच फेकू नका. खालची बाजू ट्यूबलाईटखाली तिरकी धरा. बर्न झालेला, म्हणजे लेझरने लिहिलेला भाग वेगळ्या छटेचा दिसतो, आतून बाहेर येणारा गोल पट्टा असतो आणि तो जिथे संपतो तिथे स्वच्छ रेघ दिसते. पट्टा आहे का बघा आणि सांगा.


सरळ_मुद्दा:

एक चार टीबीची हार्ड डिस्क घ्या, सगळं कॉपी करा, डिस्क भंगारात घाला. २०२० नंतर सीडीवर काय लिहायचं यावर चर्चा करणारे आपणच उरलोय.


पडवीतून (चिपळूण):

@सरळ_मुद्दा, वाशीला माझा भाऊ आहे, तोही शब्दशः हेच म्हणतो. हार्ड डिस्क आणलीय, दोन आणल्यात. पण कॉपी केल्यावर फोल्डरला नाव काय देऊ? ‘न्यू फोल्डर १८७’? लेबल नाही ही अडचण डिस्क बदलल्याने सुटत नाही.

@टेपडेक, पाण्याच्या शाईचं वाचून मला हसू आलं. तुम्ही सांगताय त्या नियमाप्रमाणे बघितलं तर अण्णांनी ज्या ८८ डिस्कवर योग्य पेनाने लिहिलं त्यांचंच सगळं वाहून गेलं, आणि चुकीच्या पेनाने लिहिलेल्या १३१ वाचल्या. पुस्तिका लिहिणाऱ्यांना वाशिष्ठी माहीत नसणार.


टेपडेक (पुणे):

बिनतोड! मान्य. पण मधला रस्ता आहे. भोकाभोवती साधारण बोटभर रुंदीचा पारदर्शक गोल असतो ना, तिथे चांदीही नाही आणि डेटाही नाही. तिथे परमनंट मार्करने खुशाल लिहा, द्रावक मुरलं तरी मुरणार कोऱ्या प्लास्टिकमध्ये. तिथे पाण्याची शाई नाहीतरी टिकतच नाही, अंगठा लागला की पुसते. स्टेशनरीच्या दुकानात ‘सीडी मार्कर’ म्हणून बारीक मऊ टोकाचा मिळतो तो घ्या, आणि लिहिल्यावर दोन मिनिटं हात लावू नका.


शूटिंगवाला (कोल्हापूर):

ताई, तुमच्या त्या ६१ स्टिकरांचं पाप आमच्या धंद्याच्या माथ्यावर आहे म्हणा. तुमचे नसले तरी अख्ख्या महाराष्ट्रातल्या लग्नाच्या डीव्हीडींवर आम्हीच ते लावलेत. वधू-वराचा हार घातलेला फोटो, खाली सोनेरी अक्षरात शुभविवाह, आणि भोक नेमकं नवऱ्या मुलाच्या पोटात. स्टिकर मधोमध बसवायला प्लास्टिकची एक सोंगटी मिळायची. घाईत ती कोण वापरतंय? हाताने लावायचा, एका बाजूला मिलिमीटरभर जास्त गेला की डिस्क प्लेअरमध्ये घुंईं करत थरथरायची. गिऱ्हाईक म्हणायचं, प्लेअर खराब झाला बहुतेक. आम्ही म्हणायचो, हो बहुतेक.

अद्दल घडली ती गाडीतल्या प्लेअरने. त्यात डिस्क फटीतून आत ओढली जाते. मे महिन्याची गरमी, गोंद पातळ झाला, स्टिकर आत सरकला आणि डिस्क बाहेर यायला तयार नाही. नवरदेवाचीच गाडी. डॅशबोर्ड उघडायचा खर्च आम्ही दिला. त्या दिवसापासून स्टिकर बंद.

नंतर प्रिंटेबल डिस्क आल्या, वरून पांढऱ्या खडूसारख्या. एप्सनच्या एल८०० आणि एल८०५ प्रिंटरला डिस्कचा ट्रे यायचा, त्यात ठेवून थेट डिस्कवर छापायचं. दिसायला फार देखणं, वजन वाढत नाही, गोंद नाही. पण शाई पाण्याचीच. रात्रभर वाळू द्यायची, आणि पुरात किंवा ओल्या हातात तिचंही तुमच्या स्केचपेनसारखंच होणार. त्याआधी लाईटस्क्राइब नावाचा प्रकार होता, डिस्क उलटी घालायची आणि लेझरच वरच्या बाजूला चित्र काढायचा. एका रंगाचं. एका डिस्कला वीस-वीस मिनिटं लागायची आणि उन्हात ठेवली की चित्र फिकं. आता बंदच झालंय ते.

एक मात्र सांगतो, नुसता नंबर घालून सोडू नका. आमच्याकडे दोन हजार मास्टर (मूळ) डिस्क नंबरावर होत्या, नंबरांचं रजिस्टर पोराने रद्दीत घातलं. आता त्यातली एकेक लावून नवरी बघायची आणि गाव ओळखायचं, एवढंच उरलंय.


दाखलवही (नागपूर):

मी तीस वर्षं ग्रंथालयात काढली, म्हणून माझं म्हणणं थोडं वेगळं पडेल. नंबर हवाच, आणि तो मुका हवा. ‘नमन ४’ हा बोलका नंबर झाला. त्यात अडचण अशी की एखाद्या डिस्कवर अर्धं नमन आणि अर्धी बारशाची गाणी निघाली की तुमची पद्धत मोडते, आणि ती तिसऱ्याच दिवशी मोडते. ग्रंथालयात पुस्तक दारातून आत आलं की त्याला पुढचा दाखल क्रमांक मिळतो, मग ते ज्ञानेश्वरी असो की स्वयंपाकाचं पुस्तक. तसंच करा. गोणीतून हाताला येईल ती ०००१. पुढची ०००२. लावत-जुळवत बसायचं नाही, विचार करायचा नाही. विचार वहीत.

चार आकडी लिहा आणि आकड्याखाली रेघ ओढा. ही रेघ विसरू नका. पुस्तकाच्या पाठीला वर-खाली असतं, गोल चकतीला नसतं. इंग्रजी आकड्यांत ००६८ उलटा धरला की ८९०० होतो आणि ००६६ चा ९९००. मराठी आकडे घातलेत तर १ आणि ९ घाईत सारखेच दिसतात. रेघ म्हणजे जमीन, तिच्यावर आकडा उभा.

वहीत पहिल्या रकान्यात क्रमांक. दुसऱ्यात वडिलांनी डिस्कवर जे लिहिलंय ते जसंच्या तसं, चुकीचं वाटलं तरी, ‘ब’ सकट. ते सुधारायचा मोह आवरा. तिसऱ्यात ऐकून-बघून तुम्हाला जे कळलं ते. चौथ्यात कोणी ओळखलं आणि कधी. दुसरा आणि तिसरा रकाना एकत्र केलात तर पुढच्या माणसाला कळणार नाही की मास्तर काय म्हणाले आणि मुलीने काय ठरवलं.

तुमची चिवड्याची फाईल खराब झालेली नाही. युनिकोड (सगळ्या कॉम्प्युटरांवर अक्षरं सारखीच दिसावीत म्हणून केलेली पद्धत) रुळायच्या आधी मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागेवर मराठी आकार बसवायचे. श्रीलिपी, किरण, शिवाजी, एपीएस, प्रत्येकाची मांडणी निराळी. फाईलमध्ये प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच आहेत, मराठी होतं ते फक्त फॉन्टमध्ये. वडिलांच्या कॉम्प्युटरवर कोणता फॉन्ट होता ते आठवलं तर तो घालून बघा, नाहीतर जुन्या फॉन्टचं युनिकोड करणारी रूपांतरं आहेत त्यांत एकेक करून टाका. ज्यात ‘आजी’ उमटेल तो तुमचा फॉन्ट.

नवीन कॉपी बर्न करताना डिस्कला नाव विचारलं जातं, तिथे मात्र मराठी नको. इंग्रजी कॅपिटल अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोअर, सोळा अक्षरांच्या आत. जुन्यात जुन्या यंत्रालाही तेवढं वाचता येतं. तिथेही तोच चार आकडी क्रमांक घाला, म्हणजे डिस्कवरची शाई गेली तरी आतून नाव बोलेल.

@शूटिंगवाला, तुमचं रजिस्टर एकच होतं ही चूक. नंबराला का बोल?


टेपडेक (पुणे):

@दाखलवही, क्रमांक पोटात घालायची सूचना फार आवडली. एकच भर. हे सगळं पाकिटात ठेवताना पीव्हीसीचे मऊ पाऊच टाळा. आपल्याकडे ते झिप लावलेलं ऐंशी डिस्कचं पाकीट मिळतं ना, त्यातलं प्लास्टिक वर्षानुवर्षं दाबून राहिलं तर डिस्कला चिकटतं. साधी कडक डबी, आणि डिस्क उभी. आडव्या थप्प्या नकोत. कागदी चिठ्ठी डबीत घालायची तर घाला, पण कोकणात तिला कसर लागणार हे धरून चाला.


पडवीतून (चिपळूण):

दीड महिन्याने येतेय, रागावू नका. पाऊस, मार्चअखेरचं राहिलेलं ऑडिट आणि ३१२ डिस्क.

सगळ्यांना नंबर घातले. पारदर्शक गोलात, काळ्या सीडी मार्करने, खाली रेघ. शंभर झाल्यावर हात बसतो. डाव्या हाताची तर्जनी भोकात घालायची, डिस्क बोटावर फिरवायची आणि पेन एका जागी धरायचं. आधी मी पेन फिरवत होते, त्यात अक्षरं आडवीतिडवी जायची. सीडींवर गोलात नंबर आणि जागा उरली तर दोन शब्द, बाकी काही नाही. डीव्हीडींवर मात्र शूटिंगवाल्या दादांचं ऐकलं आणि वरच्या बाजूला नावही घातलं, कारण वही वाहून जाते हे मला कोणी समजावून सांगायला नको. नवीन वहीच्या प्रत्येक पानाचा फोटो घरच्या ग्रुपवर जातो. भाऊ दर वेळी अंगठा दाखवतो. उघडून बघत नसणार, पण वाशीला एक प्रत पडली.

चिवड्याचा उलगडा झाला, तो शिवाजी फॉन्ट निघाला. अकरा सीडींची सूची मिळाली. त्यात अण्णांनी ओव्यांपुढे कंसात ‘मध्ये शेजारच्यांची कोंबडी’ असं लिहून ठेवलंय, आणि खरंच सहाव्या मिनिटाला कोंबडी आहे.

आता ब.

@टेपडेक, तुम्ही म्हणालात तशी एकेक ‘रिकामी’ डीव्हीडी ट्यूबलाईटखाली धरली. २३ च्या २३ वर पट्टा दिसला. कोणाचा अर्धा, कोणाचा पाऊण, एकीचा जवळजवळ कडेपर्यंत. म्हणजे भरलेल्या आहेत. मग वहीचा दुसरा रकाना घेऊन बसले, अण्णांचं जसंच्या तसं लिहिलेलं. पतसंस्थेत दोन याद्या शेजारी ठेवून टिका मारायची सवय आहे. जिथे अण्णांचं अक्षर वाचता येतं अशा १४ ‘रिकाम्या’ निघाल्या, आणि त्या चौदांपैकी एकीवरही ब नाही. ज्या नीट चालतात आणि ज्यांच्यावरचं वाचता येतं, त्यातल्या प्रत्येकीवर ब आहे.

संध्याकाळी दोन डिस्क घेऊन अण्णांसमोर ठेवल्या. वहीत बघ म्हणू नका, वही चिखलात गेली, म्हटलं. त्यांनी दोन्ही हातात घेतल्या, चष्म्याच्या वरून बघितलं आणि म्हणाले, “ब म्हणजे बंद. ही बंद केली. ही नाही केली.”

रेकॉर्डरवर शेवटी ‘फायनलाईज’ करावं लागायचं. त्याला अण्णांनी ‘डिस्क बंद करणे’ असं मराठी नाव ठेवलं होतं. बंद केली की दुसऱ्या कुठल्याही प्लेअरवर चालते, न केलेली फक्त त्याच रेकॉर्डरला कळते. दुसरी यंत्रं तिला कोरी समजतात. आणि तो रेकॉर्डर तर नदीने नेला. मी विचारलं, मग तेवीस उघड्या का ठेवल्या? तर चिडले. “वीस-वीस मिनिटं जागा शिल्लक असताना बंद करायची? पैसे झाडाला लागतात?”

टेपडेक काकांनी व्यक्तिगत निरोपात आयसोबस्टर नावाचं सॉफ्टवेअर सुचवलं होतं, ते घेतलं. उघडी राहिलेली डिस्कही ते वाचतं. (काही कामांना पैसे भरावे लागतात. भरले.) २३ पैकी १९ पूर्ण निघाल्या, तिघींत मध्ये मध्ये तुटलंय. एकीला चिरच आहे, ती ड्राईव्हमध्ये घातलीच नाही.

पहिली निघाली ती ०२३१. लेबल कधीच नसलेल्या ३२ मधली. मला वाटलं जाखडी असेल. चाळीस मिनिटं नुसतं विहीर खणणं निघालं. परसातली आमची विहीर, १९९८ चा मे, काकांचा कॅमेरा हलतोय, दोर खाली जातोय, घमेलं वर येतंय, परत दोर खाली. कोणी काही बोलत नाही. मधूनच आईचा आवाज, “चहा गार होतोय रे.” पस्तिसाव्या मिनिटाला खालून कोणीतरी ओरडतं आणि कॅमेरा आकाशाकडे जातो, कारण काका धावलेत. पुढे पाच मिनिटं नुसते पाय आणि चिखल.

माझा तिसरा रकाना कोरा राहिला, काय लिहावं सुचेना. ‘विहीर खोदाई’ लिहिलं. अण्णा शेजारी बसून बघत होते, त्यांनी पेन घेतलं, माझं खोडलं आणि लिहिलं, ‘पाणी लागलं.’ चौथ्या रकान्यात त्यांचं नाव आणि तारीख घातली. आता रोज जेवण झाल्यावर तीन डिस्क होतात. चौथी लावली तर ते झोपतात.

एक शंका राहिली. दाखलवही काका, अण्णांचा ब आता ज्यांच्या कॉपी झाल्या त्यांच्यावर मी घालू का, म्हणजे त्यांचा हिशेब पूर्ण होईल? ०२३१ वर घालायला गेले तर अण्णांनी हात धरला. म्हणाले, “तिच्यात अजून जागा आहे.”